मोटारींची स्थळं जुळवणाऱ्या मॅडम

नव्या माणसाची ओळख झाली की लोक आपलं गाव सांगतात, नोकरी सांगतात, लेकरं काय करतात ते सांगतात. आमच्या मॅडम आपले दोष सांगायच्या. कुरुंद्याच्या आमच्या शेतकरी कंपनीत व्यवस्थापकाच्या मुलाखतीला त्या आल्या, तेव्हा संचालक मंडळानं अजून एक प्रश्नही विचारला नव्हता. खुर्चीत टेकल्या टेकल्या त्या म्हणाल्या, "डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. साखर हाय. राग लवकर येतो आन् उशिरा जातो. लगीन दुसरं हाय. आता इचारा काय इचारायचं ते."

एका संचालकांनी चष्मा पुसायला घेतला, दुसरे पंख्याकडं बघत बसले. आमचे अध्यक्ष गावातले मोठे हळद बागायतदार, बोलण्यात कुणाला हार न जाणारा माणूस. पण त्यांनीही शेवटी चहाचाच आधार घेतला.

"च्या घेता का?" त्यांनी विचारलं.

"बिनसाखरेचा. आत्ताच सांगितलं न्हवं का?"

त्यांना घेतलं. अध्यक्ष नंतर मला म्हणाले, "बाई काई लपवायची न्हाई एवढं तरी पक्कं झालं." या विचाराचा त्यांना पुढं वर्षभर पश्चात्ताप झाला, तो भाग वेगळा.

मी तिथं कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. आता वसमतला दुसऱ्या ठिकाणी आहे, साहेबही बरा मिळालाय, पण कुणाच्या हाताखाली काम केलं असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून मॅडमचंच नाव निघतं. ते नाव इथं लिहायचं नाही असं मी ठरवलंय. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे, लिहिलेलं त्यांना आवडणार नाही या भीतीनं.

कुणी ऑफिसात आलं की आपण म्हणतो, काय चाललंय, बरंय का. मॅडम विचारायच्या, "काय काय बिघडलंय?" पहिले काही दिवस लोकांना हा अपशकुन वाटला. एकदा माझी आई मला डबा द्यायला आली. तिला मॅडमनी हाच प्रश्न विचारला आणि आई दारातच बसली. गुडघ्यांपासून सुरुवात झाली, मग दात, मग माझी बायको, मग मी. आईला इतकं मोकळं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला योग्य प्रश्न विचारला होता. जाताना ती मला म्हणाली, "लई चांगली बाई हाय. नीट वाग तिच्यासंगं." मी काय वाकडं वागत होतो हे मला आजवर कळलेलं नाही.

ऑफिसातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी चिठ्ठी चिकटवली होती. पंख्यावर होतं: "तीन नंबरवर फिरवू नये, थरथर कापतो." कपाटावर होतं: "वरचा कप्पा लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. लाथ उजवीकडून." माझ्या खुर्चीवर होतं: "शिरड शहापूरच्या शाळेतून आली. मागचा डावा पाय वेल्ड केलेला. जाड माणसानं मागं रेलू नये." मी जाड आहे म्हणून त्यांनी ते मुद्दाम लिहिलं, असं माझं आजही ठाम मत आहे.

नव्या वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. "नवी म्हंजी जिचा दोष अजून कुणाला दिसला न्हाई ती," असं त्या म्हणायच्या, आणि दुकानदाराच्या तोंडावर म्हणायच्या. त्यामुळं त्यांच्यासोबत खरेदीला जायला कुणी तयार नसायचं.

आमच्याकडं येण्यापूर्वी त्या सेनगावला वधू-वर सूचक केंद्र चालवायच्या. माहेर साखऱ्याचं, त्यामुळं त्या भागात त्यांना सगळे ओळखत. ते केंद्र बंद का पडलं हे त्या स्वतःच हसत हसत सांगायच्या. मुलाचा बायोडाटा आला की त्या घरी जाऊन चौकशी करायच्या आणि खरं ते लिहायच्या. "मुलगा देखणा, शेती बागायती, आईला विचारल्याशिवाय पाणी पीत नाही." "मुलगी हुशार, रंग गव्हाळ, खोटं सहन होत नाही, भांडेल." लोक बायोडाटे परत मागून न्यायला लागले. एका बापानं तर दारात उभं राहून विचारलं होतं, "मॅडम, तुमी लग्नं जमवून राहिल्या का मोडून राहिल्या?" त्यावर मॅडम म्हणाल्या, "आत्ता मोडलेलं बरं. मांडव पडल्यावर तकलीफ व्हते."

या स्वभावाच्या बाईच्या हाती क्यूआर कोड लागला, तिथून आमची खरी गोष्ट सुरू होते.

हिंगोलीला एक प्रशिक्षण होतं. बाहेरून आलेले एक तरुण सर पडद्यावर चित्रं दाखवत होते. परदेशात आता वस्तूंना डिजिटल पासपोर्ट देणार म्हणे. वस्तू कशाची बनली, कुठं दुरुस्त झाली, आतलं काय काय परत वापरता येईल, ही सगळी माहिती एका कोडमध्ये. मोबाइल धरला की दिसणार. म्हणजे वस्तू बंद पडली तरी तिचे भाग दुसऱ्या वस्तूत जाऊन चालत राहतात, उकिरड्यावर जात नाहीत. आम्ही मागच्या रांगेत जेवणाची वाट बघत होतो. मॅडम उभ्या राहिल्या.

"सर, पासपोर्ट काहून? वस्तू का देश सोडून चालली? बायोडाटा म्हणा की."

सर हसले, सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. परतीच्या एसटीत औंढा येईपर्यंत त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. औंढ्याला गाडी थांबली तशा माझ्याकडं वळल्या. "भाऊ, आपल्या मागच्या आवारात किती स्थळं पडून हायेत, ध्यानात येऊन राहिलं का तुमच्या?"

मागचं आवार म्हणजे कंपनीच्या गोदामामागची जागा. शेतकऱ्यांना अनुदानावर नवी अवजारं दिली, तेव्हा जुनी जमा करून घेतली होती, ती सगळी तिथं होती. पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी, हळद शिजवायच्या कुकरची पिंपं, हळदीला पॉलिश करायचे मोठे लोखंडी ढोल, मळणी यंत्रांचे सांगाडे. एका ढोलात मांजर व्यायली होती. हा सगळा माल नांदेडच्या भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकायचा, असं अध्यक्षांनी जवळजवळ ठरवलं होतं.

मॅडमनी सभेत विरोध केला. त्या म्हणाल्या, हे भंगार नाही, यातला निम्मा माल कुणाच्या तरी उपयोगाचा आहे, फक्त कुणाच्या ते माहीत नाही. मला एक हंगाम द्या. प्रत्येक वस्तूचा बायोडाटा करते, गावोगावच्या बंद वस्तूंचाही करते, आणि जुळवून देते.

"आन् न्हाई जुळलं तर?" अध्यक्षांनी विचारलं.

"तर अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी तुमची भंगाराची गाडी बोलवा. माल भरा आन् माझा राजीनामाबी त्याच्यातच टाका."

अध्यक्षांनी तिथल्या तिथं भंगारवाल्याला फोन लावून तो दिवस पक्का केला. मॅडमना ही नोकरी किती लागत होती ते मला माहीत होतं. या वयात, या जिल्ह्यात, खरं बोलण्याची खोड असलेल्या बाईला दुसरी कुणी दिली नसती.

मग आम्ही कामाला लागलो. म्हणजे मॅडम लागल्या आणि मला लावलं. मी एक साधी वेबसाइट बनवली. प्रत्येक मशीनला एक पान. आत काय आहे, काय बदललंय, काय शाबूत आहे, कोणत्या कामाला चालेल. पानाचा कोड छापून मशीनवर चिकटवायचा. ज्याला काही हवं असेल त्यानं मोबाइलवर ते टाकायचं, जवळचं जुळणारं स्थळ त्याला दिसायचं. हो, मॅडमच्या हट्टापायी पडद्यावर शब्दही "स्थळ" असाच यायचा.

लोकांनी कोड पाहिले आणि पहिल्याच दिवशी एक आजोबा तणतणत आले. "तुमच्या मोटारीला पैसे जाऊन न्हाई राहिले!" कोड दिसला की मोबाइल काढून पैसे पाठवायचे, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. त्यांना समजावण्यात माझा एक अख्खा दिवस गेला.

पण ती अडचण किरकोळ होती. खरी अडचण माझ्या लक्षात आली नाही आणि मॅडमच्याही आली नाही, आणि त्यांच्या कशी आली नाही याचं मला अजून नवल वाटतं. आम्ही त्याला बायोडाटा म्हटलं होतं. आणि बायोडाट्यात काय लिहायचं असतं हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वय कमी करायचं, मोडलेली सोयरीक गाळायची, चष्मा काढून फोटो द्यायचा. लोकांनी आपापल्या मोटारींच्या बाबतीत अगदी इमानदारीनं तेच केलं. "मोटार एकदम नवी, दोन हंगाम वापरली." "एकदाही भरलेली नाही." मोटार भरणं म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळणं. आपली मोटार भरलेली आहे हे सांगायला लोक असे लाजत होते, जणू घरातली गोष्ट चव्हाट्यावर येणार होती.

पहिलं स्थळ जमलं ते शिरड शहापूरच्या बापूरावांच्या मोटारीचं. "कधी भरली नाही, तब्येत ठणठणीत," असं त्यांनी लिहून दिलं होतं. ती आम्ही कुरुंद्यातल्या एका शेतकऱ्याच्या पॉलिशच्या ढोलावर बसवली. मॅडमनी नारळ फोडला. ढोल फिरायला लागला, वाळलेल्या हळदीचा खडखडाट सुरू झाला, आणि पेढे वाटून व्हायच्या आत मोटारीतून धूर निघाला. जळक्या वार्निशचा वास सगळ्या खळ्यावर पसरला. ढोलात हळद तशीच अडकलेली, आणि आमच्या हातात अर्धे अर्धे पेढे.

ती मोटार उघडायला रहीम मिस्त्रींना बोलावलं. पंचक्रोशीतल्या मोटारी भरणारे ते एकटेच. त्यांनी झाकण काढलं, आत पाहिलं, आणि हातातला पाना पुसायला घेतला.

"तुमीच भरली व्हती ना ही?" मॅडमनी विचारलं.

रहीमचाचा पान्यावरचं ग्रीस पुसत राहिले. "व्हय. पन मॅडम, गिऱ्हाईकाची इज्जत हाय. लोक मला म्हंतेत, चाचा, कुटं बोलू नका. म्या कसं बोलू?"

मॅडम त्यांच्यावर चिडल्या नाहीत. "बराबर हाय तुमचं," एवढंच म्हणाल्या. पण तिथून परत येताना त्यांचा चेहरा पडला होता, आणि मी तो तसा पहिल्यांदाच पाहिला. ऑफिसात येऊन त्या म्हणाल्या, "भाऊ, सेनगावला झालं तेच हितं बी झालं. खरं कुनालाच नगं." मला फार वाईट वाटलं. त्यांची थट्टा करायची मला सवय होती, पण त्या संध्याकाळी मी कापणारा पंखा स्वतः उठून दोन नंबरवर केला.

अध्यक्ष मात्र खूश होते. त्यांनी भंगारवाल्याला पुन्हा फोन केला.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या त्या वेगळ्याच जोमात. "एक नवं पान काढा," म्हणाल्या, आणि मजकूर सांगायला लागल्या. टाइप करता करता माझी बोटं थांबली. "मॅडम, हे टाकायचं?" मी विचारलं. "टाका," त्या म्हणाल्या. "आन् कोड मोठा छापा."

त्यांनी गावोगावच्या सगळ्या मशीनवाल्यांना मागच्या आवारात बोलावलं. बापूराव आले, रहीमचाचा आले, गावातल्या बायाबापड्या आल्या. फजिती बघायला अध्यक्षही आले. गोदामाच्या भिंतीवर ताटाएवढा कोड लावला होता. मॅडम म्हणाल्या, "आधी समद्यांनी हे स्कॅन करा. मग बोलू."

लोकांनी मोबाइल वर धरले. पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं:

"वस्तू: तुमच्या मॅडम. डावा कान: निकामी. कारण: पहिल्या घरी मार लागला. उजवा कान: उत्तम. राग: लवकर येतो. हिशोब: पक्का. पहिलं लग्न: मोडलं. दुसरं: सध्या चालू. कसं जुळलं: यजमान झोपेत फार घोरतात. डावा कान त्यांच्या बाजूला असतो. चांगलं चाललंय."

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शेजारचे हळू आवाजात वाचून दाखवत होते. मग एक म्हातारी खुदकन हसली. तिच्या मागोमाग सगळं आवार हसायला लागलं. मॅडमचे यजमान मागं उभे होते, सेनगावचे निवृत्त मास्तर, बुजरा माणूस. सगळ्यांनी वळून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी लाजत हात वर केला आणि म्हणाले, "खरं हाय. लई घोरतो मी." मला हसता हसता रडू आलं, आणि मी ते कुणापासून लपवलं नाही.

मॅडमनी भाषण केलं नाही, त्या नुसत्या बोलल्या. "माझा कान मी झाकून ठेवला असता, तर यांच्यापेक्षा चांगलं स्थळ मिळालं असतं. न घोरनारं. आन् चार दिसांत त्यानं मला परत आनून सोडलं असतं. दोष कळला की जागा कळती, बाबांनो. भरलेली मोटार ढोलाचा भार न्हाई घेनार, पन पान्याच्या टाकीवर आरामात चालंल. ज्या मळणी यंत्राचा सांगाडा सडला, त्याचा गिअर बॉक्स शाबूत असंल. तुमी खरं सांगा, मी जागा दावते. माझं तर समद्यांनी वाचलंच हाय आता."

मग बापूराव उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. "ती जळालेली मोटार माझी. म्या खोटं लिहून दिलं. ती तीनदा भरलेली हाय."

"चारदा, बापूराव," रहीमचाचा मागून म्हणाले.

हशा असा उसळला की ढोलातली मांजर एक पिलू तोंडात धरून पळाली. आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. "माझ्या पंपाची बॉडी चिरलेली हाय." "आमच्या कुकरचं झाकण वाकलंय, पन पिंप चांगलं हाय." "माझ्या मळणी यंत्राला आग लागली व्हती, कुनाला सांगितलं न्हवतं." दोष सांगायची जणू चढाओढ लागली. रहीमचाचांना तर किती वर्षांचं मनातलं बोलायला मिळत होतं. ते एकेका मोटारीची पाठ थोपटत तिचा इतिहास सांगत होते, आणि मी मोबाइलवर टाइप करून करून बोटं दुखवून घेत होतो.

त्या हंगामात काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता. रोज माल हलायला लागला. भरलेल्या मोटारी हलक्या कामाला लागल्या, न भरलेल्या ढोलांवर गेल्या. बापूरावांची मोटार जळून कोळसा झाली होती, पण तिचा शाफ्ट दुसऱ्या मोटारीत बसला आणि बापूराव तो शाफ्ट बघायला पाहुण्यासारखे जाऊन आले. ज्याच्या शेतात जी वस्तू चालली, त्यानं तिच्या पानावर लिहायचं, असा मॅडमचा नियम होता. लोक मोठ्या हौसेनं लिहायचे. "सुखरूप पोचली. आवाज करते पण कामाला वाघ आहे."

आणि ऐन पॉलिशच्या दिवसांत अध्यक्षांच्या स्वतःच्या ढोलाचा गिअर बॉक्स तुटला. खळ्यावर हळदीचे ढीग लागलेले, आभाळ भरून आलेलं, अवकाळीचा भरवसा नाही. नवा गिअर बॉक्स यायला आठवडा लागेल, असं दुकानदार म्हणाला. अध्यक्ष ऑफिसात आले. उभेच राहिले.

मॅडमनी मान वर केली. "काय बिघडलंय?"

मला वाटतं, अध्यक्षांच्या आयुष्यातला तो सगळ्यात अवघड क्षण असावा. पण त्यांनी सांगितलं, आणि खरं सांगितलं. ढोलात क्षमतेपेक्षा जास्त हळद भरली होती, गड्यानं बजावलं होतं, त्यांनीच ऐकलं नव्हतं. मॅडमनी सगळं पानावर नोंदवून घेतलं, आणि जुळणारं स्थळ शोधलं. साखऱ्याच्या एका मळणी यंत्राचा गिअर बॉक्स होता. "दात शाबूत, तेल गळतं, रोज टाकावं लागेल." जीप पाठवून तो आणला, रहीमचाचांनी बसवला, आणि पावसाचे थेंब पडायच्या आत अध्यक्षांची हळद पोत्यात गेली. पुढं हंगामभर अध्यक्ष रोज सकाळी त्या गिअर बॉक्सला स्वतःच्या हातानं तेल घालायचे.

तरी मळणी यंत्रांचे काही सांगाडे अजून आवारातच होते. भंगारवाल्याचा दिवस बदलला नव्हता. अध्यक्षांनी तो रद्द केला नाही आणि मॅडमनीही विनंती केली नाही. त्यांनी राजीनामा लिहून टेबलावर पेपरवेटखाली ठेवला होता. मी तो दिसू नये म्हणून त्यावर फाइल ठेवायचो, त्या फाइल बाजूला काढायच्या.

अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी नांदेडची गाडी आली. ट्रक मोठा होता, सोबत वजनकाटा आणि हमाल. ट्रक उलटा घेत मागच्या आवाराच्या फाटकाशी लावला. मॅडम राजीनाम्याचा कागद हातात घेऊन बाहेर आल्या, त्यांच्यामागं मी. अध्यक्ष आधीच फाटकाशी उभे होते. त्यांनीच फाटक उघडलं.

आत आवार रिकामं होतं. ढोल उठले होते, पिंपं गेली होती, मळणी यंत्रांचे सांगाडेसुद्धा कुणीतरी सणाच्या सुट्टीत कोंबड्यांच्या खुराड्यासाठी नेले होते. जिथं मोटारी होत्या तिथं जमिनीवर तेलाचे काळे डाग तेवढे राहिले होते.

भंगारवाला चक्रावला. "साहब, माल किधर है?"

अध्यक्षांनी मॅडमच्या हातातला कागद घेतला, फाडला, आणि असे छाती काढून उभे राहिले जणू हे सगळं त्यांनीच केलं होतं.

"माल कामावर गेलाय," ते म्हणाले.